दाजींचा बंधारा

एकदा आणलेली वस्तू पुन्हा आणायला जाणाऱ्या माणसाला आमचे दाजी शहाणा मानायला मुळीच तयार नसतात. दाजी म्हणजे माझे थोरले साडू, बायकोच्या आक्काचे यजमान. बायको दाजी म्हणते म्हणून मीही दाजी म्हणतो, आणि ते मला, माझ्या लग्नाला इतकी वर्षं उलटून गेली तरी, ‘पावणं’च म्हणतात. साडूसाडूंत थोडी अढी असावी असा जुना रिवाज आहे आणि तो मी माझ्या परीनं पाळत आलो आहे. पण दाजींशी फार वेळ अढी धरता येत नाही. आपण ती धरायला बसावं, तर तेवढ्यात दाजी शुक्रवार पेठेतून सायकल मारत आमच्या राजारामपुरीतल्या दारात हजर होतात, हातात कोथिंबिरीच्या दोन जुड्या. ‘मंडईत गेलतो. म्हटलं, तुम्ही कशाला परत हेलपाटा घालताय.’ आमच्या घरात आधीच दोन जुड्या असतात. त्याही त्यांनीच परवा आणून दिलेल्या असतात.

त्यांच्या इमारतीत वर्तमानपत्र एकच येतं. ते सकाळी दाजी वाचतात, मग शेजारच्या शिकलगार चाचांकडं जातं, आणि मजले उतरत उतरत संध्याकाळी तळमजल्यावर किराणा दुकान असलेल्या शेटे अण्णांच्या हाती पडतं. त्यामुळं अण्णांना आपलं राशिभविष्य दिवस मावळताना कळतं. अण्णांची त्याबद्दल तक्रार नाही. आधी वाचून काळजी करण्यापेक्षा दिवस सरल्यावर ताडून बघितलेलं बरं, असं त्यांचं म्हणणं. इमारतीला मिळून एक शिडी, एक ड्रिल मशीन, एक मोठं पातेलं आणि एक पुरणयंत्र आहे आणि हे सगळं दाजींच्या घरी असतं. प्रत्येकानं आपापली शिडी विकत घेऊन वर्षभर भिंतीला टेकवून ठेवायची, हा दाजींच्या लेखी शुद्ध उधळेपणा. आक्काला स्वतःच्या घरात चालायला वाट उरलेली नाही, पण ते ती नशिबाचा भाग म्हणून सोडून देते.

नातेवाइकांच्या बातम्यांचंही तेच. आजऱ्याच्या आत्याला सगळ्यांनी वेगवेगळे फोन कशाला करायचे? दाजी एकच फोन करणार, सगळी हकीकत भरून घेणार आणि मग ज्याला हवी त्याला आपल्याकडून देणार. सोय चांगली होती. फक्त एकदा भरून घेतलेली हकीकत ताजी करायचं त्यांच्या ध्यानात राहत नसे. आत्याचा गुडघा धरला होता, ही बातमी त्यांनी पावसाळ्यात भरून घेतली आणि थेट शिमग्यापर्यंत पुरवली. मधल्या काळात आत्या औषधपाणी करून बरी झाली, ज्योतिबाचा डोंगर चढून उतरून आली आणि एक दिवस दाजींच्या दोन मजल्यांचा जिना धडाधड चढून दारात उभी राहिली. दाजींनी पुढं होऊन तिचा हात धरला आणि गुडघा कसा आहे म्हणून कळवळून विचारलं. ती ठणठणीत आहे म्हणाल्यावर ते जरा नाराजच झाले. इतके महिने जपून ठेवलेला गुडघा एकाएकी टाकून द्यायचा म्हणजे कुणालाही वाईट वाटणारच.

मलकापूरला आमच्या चुलत मेहुणीच्या लग्नात त्यांनी पंगतीचा ताबा घेतला होता. वाढपी एका टोकाच्या आचाऱ्याकडून बादली भरून दुसऱ्या टोकापर्यंत पळतात आणि तोवर शेवटच्या पानावरचा भात कोरडा पडतो, हे त्यांना बघवेना. त्यांनी प्रत्येक रांगेच्या तोंडाशी आमटीचं एक पातेलं आणि जिलेबीची एक परात आधीच नेऊन ठेवायला लावली. मांडवात कुणाला पळावं लागलं नाही हे खरं. पण तरण्या पोरांच्या रांगेजवळची परात पहिला घास संपायच्या आत रिकामी झाली, आणि म्हाताऱ्या बायकांच्या रांगेजवळ जिलेबीचा डोंगर तसाच राहिला, कारण निम्म्या जणींना साखर होती. मुलीचा बाप कपाळाला हात लावून बसला. दाजी मात्र खूश. कुठं किती मागणी आहे ते आता कळलं, पुढच्या लग्नात परात कुठं ठेवायची हे ठरवता येईल, असं त्यांनी मुलीच्या बापाला समजावून सांगितलं. त्या गृहस्थाला एकच मुलगी होती.

या सगळ्याचं मूळ त्यांच्या नोकरीत आहे. दाजींची उभी हयात पाटबंधारे खात्यात गेली. राधानगरीला धरण आहे, पण म्हणून नदीकाठच्या प्रत्येक गावानं घागर घेऊन राधानगरीला जायचं नसतं. धरणातून पाणी सोडतात, वाटेत गावोगावी बुटके बंधारे असतात, त्यांच्या दगडी खांबांमधल्या खाचांत फळ्या बसवल्या की पाणी अडतं, आणि गाव आपल्या दारातलं पाणी वापरतं. या फळ्यांना बरगे म्हणतात. पावसाळा संपला की बरगे घालायचे, आणि मृग लागायच्या आत ते काढून बंधारा मोकळा करायचा, नाहीतर पुराचं पाणी बंधाऱ्यासकट काठ उपसून नेतं. या तऱ्हेच्या बंधाऱ्याला सगळीकडं ‘कोल्हापूर पद्धतीचा बंधारा’ म्हणतात, हे सांगताना दाजींचा आवाज असा काही चढतो, की ती पद्धत त्यांनीच आंघोळ करताना शोधून काढली असावी असं वाटावं.

निवृत्त झाल्यावर असा माणूस गप्प बसेल, ही आशा आक्काशिवाय कुणीच केली नव्हती. ज्या वर्षी शाळा घरात आल्या, त्या वर्षी इमारतीतली सगळी पोरं एकाच वेळी मोबाइलला चिकटली आणि कुणाचंच काही धड चालेना. दाजींनी चौकशी केली. तेव्हा त्यांना कळलं, की एकाच वर्गातली तीन पोरं, एकाच जिन्यावर बसून, एकाच बाईंचा एकच व्हिडिओ वेगवेगळा मागवतात आणि तो तीन वेळा लांबून येतो. त्या दिवशी ते जेवले नाहीत. त्यानंतर त्यांचं लक्ष कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेलं. रोज सकाळी तोच गुलाब, त्याच शुभेच्छा, दहाजणांकडून दहा वेळा. त्यांनी मला समोर बसवून घेतलं. ‘पावणं, वरच्या मजल्यावरनं खालच्या मजल्यावर गुलाबाचं फूल पाठवायचं, तर ते आधी सातासमुद्रापार जातंय आणि मग माघारी येतंय, हे ठावं हाय का तुम्हाला? जिन्यातनं हाक मारली तर काय जीभ झिजती?’

मग त्यांनी लक्ष्मीपुरीतल्या एका दुकानातून जुना कॉम्प्युटर आणि गल्लीभराचं सिनेमाघर मावेल एवढी मोठी हार्डडिस्क आणली. दुकानदाराशी ते पुढं कित्येक महिने हुज्जत घालत होते आणि त्या हुज्जतीतच शिकत होते. शेवटी दुकानदार त्यांना लांबून बघितलं की शटर अर्धं ओढायचा. पण काम झालं. दाजींच्या हॉलमध्ये देव्हाऱ्याखाली ती पेटी बसली, इमारतीला मिळून एकच इंटरनेटची लाइन आली, आणि कुणाच्याही फोनवर इमारतीचं वायफाय लावलं की पहिल्यांदा एक पान उघडायला लागलं. वर ठळक अक्षरात नाव: बंधारा.

रीत सोपी होती. ज्याला जे हवं ते त्यानं दाजींना सांगायचं. पहाटे लाइन मोकळी असते, तेव्हा दाजी ते एकदाच ओढून आणून पेटीत ठेवणार, आणि मग सगळ्यांनी तिथून घ्यायचं. पोरांचे तास, कुस्त्या, अनारशाला जाळी का पडत नाही याचा उलगडा, अण्णांना ऐकायला लागणारी कन्नड वचनं, सरकारी अर्जांची पानं, सगळं पेटीत. ज्याला जास्त मागणी ते वर, ज्याला कुणी विचारत नाही ते तळाला. खरोखर चांगलं चालायचं ते. आमच्या राजारामपुरीत माझा व्हिडिओ गोल गोल फिरत बसायचा आणि शुक्रवार पेठेत शिकलगार चाचा जुन्या कुस्त्या कसल्याही आडकाठीशिवाय पाहत पान खात असायचे. मला हेवा वाटायचा, हे इथं नाइलाजानं सांगतो.

पण पेटीबरोबर पाटबंधारे खातंही घरात आलं. कुणी कधी काय बघायचं याच्या पाळ्या लागल्या. अण्णांच्या भाच्याची मुलाखत कॉम्प्युटरवरून होती, त्या दिवशी दाजींनी इमारतीत उपसाबंदी जाहीर केली. म्हणजे नदीला पाणी कमी असलं की शेतकऱ्यांना मोटारी लावायला मनाई करतात तशी. एकाही फोननं काही ओढायचं नाही. दाजी स्वतः मजल्यामजल्यावर फिरून कुणी चोरून मोटार, म्हणजे मोबाइल, चालू केलाय का ते बघत होते. आक्कानं मटकीला मोड आणायची नवी रीत बघायला घेतली होती, तर त्यांनी आपल्याच बायकोचं वायफाय तोडलं. भाच्याला नोकरी लागली नाही, पण त्याचं खापर लाइनवर फोडता येणार नाही, याचं दाजींना समाधान होतं.

आणि दर वर्षी मृगाच्या आधी बरगे निघायचे. म्हणजे पेटी पूर्ण रिकामी करायची. साचलेल्या पाण्यात गाळ धरतो, तसा साचलेल्या माहितीतही धरतो, असं दाजींचं मत होतं, आणि आत्याचा गुडघा आठवला की ते अगदीच चुकीचं होतं असं मला म्हणवत नाही. त्या दिवशी देव्हाऱ्यापुढं नारळ फुटायचा, ज्याला जे वाचवायचं ते त्यानं आदल्या दिवसापर्यंत आपापल्या फोनमध्ये काढून घ्यायचं, आणि मग दाजी एक बटण दाबायचे. एकच बटण. अमुक ठेवा आणि तमुक काढा ही भानगड दुकानदाराला त्यांना शिकवता आली नव्हती, किंवा त्यानं तोवर शटर ओढलं असावं.

अशात रेश्मा आली. रेश्मा ही शिकलगार चाचांची सून. लग्नाआधी तिनं नर्सिंगचा कोर्स केला होता, मग मूल झालं, घर झालं, आणि आता सरकारी आरोग्यसेविकेच्या भरतीला बसायचं तिनं ठरवलं होतं. वयाच्या मर्यादेत बसणारी ही शेवटची परीक्षा. बाहेर क्लास लावणं शक्य नव्हतं. नेटवर एक बाई या परीक्षेचे तास फुकट शिकवायच्या. दाजींनी ते सगळे ओढून पेटीत ठेवले होते. दुपारी चाची नातवाला घेऊन झोपली, की रेश्मा आक्काच्या स्वयंपाकघरात येऊन जुन्या टॅबवर ते तास बघायची. आणि एक दिवस त्या बाई कुठल्याशा मोठ्या क्लासमध्ये नोकरीला लागल्या आणि त्यांनी आपले सगळे तास नेटवरून काढून टाकले. आता ते जगात होते ते फक्त दाजींच्या देव्हाऱ्याखाली. फोनमध्ये काढून घ्यावेत तर तासांचा ढीग एवढा, की नवरा-बायकोत मिळून असलेल्या त्या एका फोनमध्ये त्याचा कोपराही मावला नसता. परीक्षा होती श्रावणात, आणि मृग तर तोंडावर आला होता.

ती दाजींकडं आली तेव्हा मी तिथंच चहा पीत होतो. तिनं फारसं काही सांगितलंच नाही. एवढंच म्हणाली, ‘काका, यंदा बरगे काढू नका.’ दाजींनी बशी खाली ठेवली. नोकरीच्या उभ्या हयातीत ज्यांनी आमदाराच्या शिफारशीवरूनही एक फळी एक दिवस जास्त ठेवली नव्हती, ते दाजी उठून खिडकीपाशी गेले. मला वाटलं, आता बंधारा वाहून कसा जातो यावर तासभर ऐकावं लागणार. पण ते आक्काला म्हणाले, यंदा नारळ आणू नको. रेश्मा गेल्यावर त्यांनी मला बजावलं, की यातलं कुणाला बोलायचं नाही. एकीसाठी नियम मोडला हे कळलं, की उद्या प्रत्येकजण आपापली फळी धरून बसेल.

पुढचं जे झालं त्याला मी साक्षीदार आहे आणि माझी कंबरही आहे. जूनमधला रविवार होता. आदल्या दिवसापासून पाऊस धरला होता आणि मी सकाळी आक्काला शेवटचे आंबे पोचवायला गेलो होतो. रस्त्यात खोदाई करणाऱ्या यंत्रानं इंटरनेटची तार तोडली होती, हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. पंचगंगा त्या पेठेच्या अगदी उशाशी. दोनदा तळमजल्यात पाणी शिरलेलं, त्यामुळं पाऊस धरला की अण्णा आधी नदीची पातळी बघतात आणि मग दात घासतात. पातळीचं पान पेटी पावसाळ्यात रोज ताजं आणून ठेवायची. त्या सकाळी तिनं बाहेर हात घातला, बाहेर तार नव्हती. यंदाचं पान एकदाही आलेलं नव्हतं. मग तिनं तळातून, जिथून खरं तर सगळं निघून जायला हवं होतं तिथून, गेल्या पावसाळ्यातलं पान काढून अण्णांच्या हातावर ठेवलं. नदी धोक्याच्या खुणेच्या वर. वाढत आहे. पानावर तारीख होती, पण पूर आल्यावर तारीख कोण वाचतो?

अण्णांनी खालून हाक मारली. दाजींनी आपला फोन उघडला, तेच पान. चाचांनी उघडला, तेच पान. तिघांकडं तेच दिसतंय म्हटल्यावर शंकाच उरली नाही. बंधाऱ्यावर आलेली गोष्ट खोटी असू शकते, हे त्या इमारतीत कुणाच्या मनातही येत नव्हतं आणि दाजींच्या तर सगळ्यात नाही. खात्यातला माणूस असल्यामुळं त्यांनी ताबडतोब सूत्रं हाती घेतली. छत्री उघडून ते जिन्यात उभे राहिले, म्हणजे इमारतीच्या आत, आणि कुणी काय उचलायचं ते सांगू लागले. अण्णांच्या दुकानातली साखर, डाळी, गुळाचे ढेपेएवढे रवे. त्याला लागूनच चाचांचं गाद्यांचं दुकान, म्हणजे कापसाच्या गोण्या आणि तयार गाद्या. त्यातली एक डबल गादी जिन्याच्या वळणावर अशी अडकली, की तिच्या आणि भिंतीच्या मध्ये अण्णा सापडले आणि त्यांचा नुसता आवाज येत राहिला. एक साखरेचं पोतं फुटलं. गुळाचा एक रवा माझ्या हातून निसटून कापसात पडला आणि वर पोचेपर्यंत त्याला दाढी आली होती. आक्का देव घेऊन वर गेली होती आणि वरूनच सगळ्यांना पेटी आधी उचला म्हणून सांगत होती, कारण तिच्या नवऱ्याचा जीव कशात आहे हे तिला माहीत होतं.

माल बहुतेक गच्चीच्या खोलीत पोचला तेव्हा खाली दूधवाला आला. त्यानं साखर, कापूस आणि घामाघूम झालेला मी, असा सगळा देखावा नीट बघितला. ‘लगीन हाय व्हय, पावणं? गाद्या वर चालल्यात.’ मी म्हटलं, लग्न कसलं, नदीला पूर आलाय. त्यानं किटली खाली ठेवली. ‘कवा? आत्ताच म्हशी धुऊन आलो की नदीत. पानी घोट्याला लागतंय.’

गादीमागून अण्णांनी काय म्हणतोय तो, असं विचारलं. दाजींनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला, फोन जवळ धरला, लांब धरला आणि तारीख वाचली. मग त्यांनी छत्री मिटली. त्या माणसाला इतक्या हळू काही करताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

आम्ही वर येऊन बसलो. आक्कानं कुणी न मागता चहा टाकला. थोड्या वेळानं रेश्मा आली. ओढणीला कापूस चिकटलेला, डोळे भरलेले. तिला सगळं बरोबर कळलं होतं. ती म्हणाली, ‘काका, मी खाली जाऊन सांगते. माझ्यासाठी तुम्ही बरगे ठेवले, म्हणून हे झालं.’ दाजींनी तिच्याकडं बघितलंही नाही. ‘तू काय बी सांगनार न्हाईस. परीक्षा तुझी हाय. पूर माझा हाय, माझा मी बघतो. जा, अभ्यासाला बस.’ ती हलेना, तेव्हा आक्कानं तिचा टॅब तिच्या हातात दिला आणि तिला स्वयंपाकघरात नेऊन बसवलं.

दुपारी गच्चीच्या खोलीत बैठक भरली. गाद्यांवरच बसायचं असल्यामुळं बैठक आरामात झाली, पण बोलणं कडू होतं. अण्णांची पाठ धरली होती, साखर गेली होती, मुंग्या यायला लागल्या होत्या. चाचांच्या गोण्या ओल्या झाल्या होत्या. प्रत्येकानं आता आपापली लाइन घ्यावी, हल्ली काही महाग राहिलं नाही, असं ठरायला वेळ लागला नाही. ‘दाजी, तुमच्या धरणाचं पाणी आता पुरे झालं री,’ अण्णा म्हणाले. ‘आजच बंद करा ती पेटी. उद्या परत कुठला पूर आणंल.’

मी दाजींकडं बघत होतो. रिक्षावाल्याशी चालू असलेला वाद अपुरा राहू नये म्हणून स्वतःचा स्टॉप मागं टाकून पुढं जाणारा हा माणूस. त्यांनी एवढंच म्हणायचं होतं, की पोरीच्या परीक्षेसाठी ठेवलं होतं. आणि सगळे गप्प झाले असते. पण मग चाचांच्या ओल्या गोण्या आणि अण्णांची पाठ त्या पोरीच्या खात्यावर गेली असती, आणि ती पुस्तकासमोर तेच मोजत बसली असती. ते म्हणाले, ‘लाइनी घ्या खुशाल. पेटी तेवढी गणपतीपर्यंत चालू ऱ्हाऊ दे.’ का, म्हणून अण्णांनी विचारलं. ‘एवढं साचलेलं हाय. एकदम सोडलं तर खालच्या गावास्नी तरास हुतो.’ खाली गाव कुठलं आणि पाणी कुठलं? सगळे हसले, चाचासुद्धा हसले, आणि हसता हसता त्यांनी परवानगी दिली. मी नाही हसलो. मला त्या क्षणी त्यांच्याबद्दल जे वाटलं ते साडूला साडूबद्दल वाटू नये असं होतं.

तो सबंध पावसाळा दाजींनी खाली मान घालून काढला. रोज सकाळी ते दूध घ्यायला उतरले, की अण्णा दुकानातून विचारायचे, आज किती फूट? पोरं त्यांना ‘पूरवाले आजोबा’ म्हणायला लागली. पेठेतल्या कट्ट्यावरही गोष्ट पोचली आणि जाताना प्रत्येकाच्या तोंडी थोडी वाढली. शेवटच्या आवृत्तीत दाजींनी इमारतीत नाव मागवली होती. एकाही टोमण्याला त्यांनी उत्तर दिलं नाही. फक्त दुपारी स्वयंपाकघराचं दार ओढून घ्यायचे आणि आक्काला भांड्यांचा आवाज करू द्यायचे नाहीत.

रेश्मा पास झाली. नेमणूक मिळाली ती मलकापूरच्याही पलीकडं, डोंगरातल्या एका उपकेंद्रात. अण्णांनी दुकानावर अभिनंदनाचा फलक लावला आणि आपल्या इमारतीची पोर म्हणून येणाऱ्या-जाणाऱ्याला पेढे वाटले. तिनं तेव्हाही सगळ्यांसमोर बोलायला तोंड उघडलं होतं. दाजींनी असे डोळे वटारले, की तिनं हातातला पेढाच तोंडात घातला. आता हे मी छापायला देतोय, तेव्हा अण्णांना कळेल. कळू दे. दाजी माझ्याशी महिनाभर बोलणार नाहीत, आणि कोथिंबीर मात्र देऊन जातील.

आता इमारतीत प्रत्येकाच्या दारावरून वेगळी तार आत गेली आहे. कुणाचंच काही अडत नाही. पूर्वी संध्याकाळी दाजींच्या दारात चपलांचा खच पडायचा. कुणाला अर्ज हवा, कुणाला कुस्ती हवी, कुणाला नुसतंच बसायचं असायचं. हल्ली सगळ्यांना सगळं आपापल्या खोलीत मिळतं, आणि दाजी दार उघडं टाकून बसलेले असतात. मला ते बघवत नाही. मी मुद्दाम काहीतरी मागतो. ते म्हणतात, तुमच्या फोनवर येतंय की ते.

परवा गेलो तर देव्हाऱ्याखाली पेटीचा हिरवा दिवा लुकलुकत होता. गणपती होऊन, दिवाळी होऊन, दुसरा मृगही येऊन गेला होता. मी विचारलं, यात अजून काय आहे? दाजींनी सांगितलं, की बाकीचं सगळं काढलं. एका बटणानं नव्हे, दुकानदाराला पुन्हा गाठून, शिकून घेऊन, एकेक करून, हातानं; पहिल्यांदा ते पुराचं पान. फक्त रेश्माचे तास ठेवलेत. मी म्हटलं, दाजी, ती तर पास होऊन नोकरीला लागली, आता ते कुणाला हवेत? त्यांनी माझ्याकडं, पंगतीत जिलेबी लांबून आणणाऱ्या वाढप्याकडं बघावं, तसं बघितलं.

‘एकीला लागलं न्हवं? मग दुसरीला बी लागंल की. त्या बाईनं तर काढून टाकलंय. ती बिचारी कुठं जानार मागायला?’

ही दुसरी कोण, कुठली, ते त्यांना माहीत नाही आणि मलाही नाही. अजून तरी कुणी आलेलं नाही. पण आक्का सांगत होती, की हल्ली लाइट गेली की दाजी आधी पेटीपाशी जाऊन उभे राहतात, आणि ती परत येऊन हिरवा दिवा लागेपर्यंत तिथून हलत नाहीत.